बाटलेलं इंजन

भर उन्हात मला कान धरून उभं केलं. मोटारखान्याच्या मधोमध. चारी बाजूंनी फौजेच्या लॉऱ्या, आणि लॉऱ्यांना टेकून बिड्या ओढणारे डायवर. पायाखाली खडी तापलेली. माझे पाय अनवाणी.

त्या दिवशी सकाळी मी दुरुस्त करून दिलेली लॉरी सिंदफणा नदीच्या अलीकडं बंद पडली होती. चार बैल लावून ओढत आणावी लागली. महिन्यात दुसऱ्यांदा.

जमादार छडी आपल्याच बुटावर आपटत माझ्याभोवती फिरत होता. "औरत के हाथ का काम," तो म्हणाला. "ऐसाइच होता."

त्या लॉरीचा डायवर रावसाहेब. आमच्याच गावच्या देशमुखाचा पुतण्या. तो सावलीत बसून पान लावत होता. मान वर न करता म्हणाला, "जमादारसाहेब, बाईचं काय न्हाई. जातीचा गुन हाय. मांगाचा हात लागला की लोखंड बी बाटतंय."

सगळे हसले. मी मान खाली घातली. खरं ते सांगते, मला त्याचा राग आला नाही. मला वाटलं, असेलही.

ही सगळ्यात मोठी लाज. उन्हात उभं राहिल्याची नाही. असेलही, असं वाटल्याची.

आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, मांगवाड्यात. बा अंबाडीचे दोर वळायचा. नाडा, कासरा, मोटेचा सोल, गावाला लागेल ते. त्याच्या बदल्यात खळ्यावर सुगीचं धान्य मिळायचं. देशमुखाचं खळं सगळ्यात मोठं, म्हणून बाचा देशमुखासमोर आवाजच निघायचा नाही. माझा नवरा लढाई सुरू झाल्यावर पलटणीत हमाल म्हणून गेला. एक वर्ष झालं, खबर नाही. बीडच्या रस्त्यावर फौजेचा मोटारखाना पडला आहे असं कळलं, तेव्हा मी त्याची खबर विचारायला गेले. खबर मिळाली नाही, शेवटपर्यंत मिळाली नाही. खडी वाहायचं काम मिळालं.

मग मिस्त्री लोकांना लढाईवर पाठवलं. लॉऱ्या तुटून यायच्या आणि दुरुस्त करायला माणूस नाही. वरून हुकूम आला म्हणे, बायांना शिकवा. कप्तानानं खडी वाहणाऱ्या बायांतून सहा जणी निवडल्या. आमच्या दंडाला पट्टा बांधला, त्यावर नंबर. आम्हाला विचारलं कुणी नाही. चला म्हणाले, गेलो.

पाना म्हणजे काय हे आम्हाला माहीत नव्हतं. मोटारीत मी आजवर बसले नव्हते. धूळ उडवत गेलेली तेवढी बघितली होती. शिकवणारा एक म्हातारा उस्ताद होता, दोन दात राहिलेला. त्यानं ताडपत्रीवर एक अख्खं इंजन सुटं करून मांडलं आणि म्हणाला, "जैसा निकाला, वैसा बिठाव." आम्हाला आठ दिवस लागले. शेवटी दोन नट उरले. उस्तादानं ते उचलून आमच्यासमोर धरले आणि इंजन परत सुटं केलं.

आकडा वाचता येत नव्हता, म्हणून मी पान्याचं तोंड बोटानं मापायची. कुठला नट कितीचा, ते बोटाला कळायला लागलं. किती आवळायचं तेही. दोर वळताना पीळ किती द्यायचा आणि कुठं थांबायचं हे लहानपणापासून हाताला माहीत होतं. उस्ताद एकदा माझं काम बघून म्हणाला, "तेरे हाथ में कान है." त्या मोटारखान्यात चांगलं बोलणारा तो एकटाच.

चुका केल्या. पंख्याचा पट्टा एकदा उलटा घातला. एकदा तेलाचं बूच घट्ट करायचं विसरले आणि सगळं तेल जमिनीवर. त्यासाठी बोलणी खाल्ली, ती बरोबर होती. मी काही आभाळातून शिकून आले नव्हते.

माझ्या जोडीला गोदाबाई होती. दिंद्रुडची विधवा, चांगल्या घरची कुणबीण. दिरांनी शेतातून हाकलली म्हणून इथं आलेली. आम्ही एकाच लॉरीखाली पाठीवर पडून काम करायचो, खांद्याला खांदा. ग्रीस दोघींच्या अंगाला सारखंच. दुपारी भाकरीला मात्र ती उठून दुसऱ्या झाडाखाली जायची. पाणी तिचं वेगळं. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

आणि रावसाहेबाची लॉरी. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा उस्तादानं स्वतः तपासली. ओढून आणेपर्यंत तीन-चार तास गेलेले. उस्तादानं हँडल मारलं, एका फेऱ्यात चालू. काही बिघाडच सापडेना. दुसऱ्यांदाही तसंच. रस्त्यात बंद, परत आणली की चालू.

मग बोलणं सुरू झालं. करणी केलीय म्हणाले. डायवर लोक मी जवळून गेले की थुंकायला लागले. एकानं सीटखाली लिंबू ठेवलं. हे सगळं मला उन्हात उभं केलं त्यानंतरचं. मी संध्याकाळी हात राखेनं घासायची. पुन्हा पुन्हा. कातडी सोलली. ग्रीस कधीच निघालेलं असायचं. मी दुसरंच काहीतरी काढत होते.

तिसऱ्यांदा ती लॉरी माझ्याकडं आली, तेव्हा उस्ताद सामान आणायला जालन्याला गेला होता. पाच लॉऱ्यांना निघायचं होतं. मी प्लग साफ केले, तारा तपासल्या, झाकण लावलं आणि हात धुवायला मागं गेले. फडकं विसरलं म्हणून परत आले.

रावसाहेबानं इंजनाचं झाकण उघडलं होतं. त्याच्या डाव्या हातात तांब्या. मी जिथं जिथं हात लावला होता, तिथं तिथं तो पाणी टाकत होता. शिंपडत नव्हता, ओतत होता. ओठ पुटपुटत होते. मग त्यानं झाकण लावलं, तांब्या सीटखाली ठेवला आणि सुपारी तोंडात टाकली.

मी लॉरीच्या मागं उभी होते.

इंजनात एक वाटीएवढी डबी असते. तिच्यातून ठिणगी सगळ्या प्लगांना वाटली जाते. तिला वरून काळी टोपी असते. त्या लॉरीच्या टोपीचा चिमटा थोडा सैल होता, हे मला माहीत होतं. रस्त्याच्या धक्क्यांनी पाणी हळूहळू आत उतरणार. आत पाणी गेलं की ठिणगी मेली. आणि चार तास उन्हात ओढून आणलं की पाणी वाळलं. लॉरी चालू.

करणी ती ही.

मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. डोक्यातून काहीतरी सरकलं, गाडी चिखलातून निघताना एक हिसका देते तसं. माझ्या हाताला काही झालं नव्हतं. कधीच काही झालं नव्हतं.

कप्तान लॉऱ्या बघायला आला होता. जमादार त्याच्या मागं. रावसाहेबाचा साथीदार हँडल मारायला पुढं वाकला.

"थांबा," मी म्हणाले.

मी झाकण उघडलं. चिमटा सोडला. टोपी काढून कप्तानासमोर धरली. आत आधीच दोन-चार थेंब उतरले होते. पिवळट. कप्तानानं बोट लावलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"ये क्या है?"

मग रावसाहेब म्हणाला, "गोमूत्र हाय, साहेब. सुद्दीसाठी." काहीच घडलं नाही अशा आवाजात. चूक कबूल करण्याचा सूर नव्हता त्यात. उलट, हे सांगावं लागतंय याचाच त्याला त्रास झाला होता.

कप्तानानं त्याच्याकडं बघितलं. देशमुखाकडून फौजेच्या जनावरांना कडबा यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "पोंछ के लगाव और गाडी निकालो," तो म्हणाला. "आज से इनकी गाडी को तू हाथ नक्को लगा. गोदाबाई करेगी. झगडा खतम."

झगडा खतम. त्याला वाटलं, त्यानं न्याय केला.

टोपी माझ्या हातात होती. मी मूठ मिटली.

"न्हाई, साहेब," मी म्हणाले. "ही गाडी मीच करनार. आन आधी ह्यानं समद्यांपुढं सांगावं, दोन बारीला गाडी कशानं बंद पडली."

"क्या बोली?"

"त्यानं सांगावं. मंग टोपी लावते."

जमादारानं छडी उचलली. मी पळाले नाही. लॉरीच्या पायरीवर बसले. टोपी दोन्ही हातांत धरून पोटाशी घेतली. तिच्याशिवाय लॉरी हलणार नाही, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं.

तेव्हा गोदाबाई पुढं आली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. ती माझ्याजवळ आली नाही, जमादार आणि मी यांच्या मधोमध थांबली. "म्या बगितलंय, साहेब," ती म्हणाली. "मागं बी त्यो तांब्या वतत हुता. दोन येळा बगितलंय."

जमादारानं छडी खाली घेतली.

लोक नंतर मला म्हणाले, गोदाबाईनं तुला वाचवलं. वाचवलं असेल. पण तिनं दोन वेळा बघितलं होतं. मी कान धरून उभी होते तेव्हा ती दहा पावलांवर पाने पुसत होती. तिला तेव्हाही माहीत होतं. मी तिच्यावर राग धरला नाही, पण हे विसरलेही नाही.

चार लॉऱ्यांची इंजनं चालू होती. उशीर होत होता. कप्तान रावसाहेबावर ओरडला, "बोलो जल्दी."

रावसाहेब जमिनीकडं बघून म्हणाला, "तांब्यातल्या पान्यानं बंद पडली."

"कुनाच्या?" मी विचारलं.

त्यानं मान वर केली. त्या नजरेत मी मेलेली होते, घर जळलेलं होतं, बा झाडाला बांधलेला होता. सगळं एका नजरेत. मग तो म्हणाला, "माज्या."

मी टोपी पदरानं कोरडी केली. बसवली. चिमटा पक्कडीनं दाबून घट्ट केला. हँडल मीच मारलं. पहिल्या फेऱ्यात इंजन लागलं. रावसाहेबाला त्याच सीटवर चढून बसावं लागलं.

पाच दिवसांनी बा आला. फाटकाबाहेर उभा, डोईचं मुंडासं हातात. देशमुखानं त्याला वाड्यावर बोलावून घेतलं होतं.

"मालकाचं म्हननं हाय, तू येऊन रावसायबाचं पाय धरावं," बा म्हणाला. "आन हे काम सोडावं. न्हाईतर आपला एक दोर बी गावात घेनार न्हाईत. खळ्यावर पाय ठिवू देनार न्हाईत."

"कावून, बा? खोटं त्यो बोलला."

"खरं-खोटं कोन इच्यारतंय, माय? पाय धर न् मोकळी हो. म्या जल्मभर धरलेत. माजं काय झिजलं?"

मी त्याच्या हातांकडं बघितलं. बोटं वाकलेली, अंबाडीच्या धाग्यांनी चिरलेली.

"म्या न्हाई धरनार," मी म्हणाले.

"मंग आमी काय खावं?"

"हिकडं या, संगं राहू," असं मी म्हणाले, पण ते उत्तर नव्हतं, हे त्यालाही कळलं आणि मलाही. त्यानं मुंडासं बांधलं आणि चालायला लागला. मागं वळून बघितलं नाही.

देशमुखानं शब्द पाळला. त्या सुगीला आमच्या घरी एक दाणा आला नाही. आई लोकांच्या बांधावरचं गवत कापून बाजारात विकायची. बा शेवटपर्यंत म्हणत राहिला की हे तू केलंस. मी त्याला कधी समजावलं नाही. त्याच्या पोटातली भूक खरी होती. पण ती भूक ज्यानं घातली, त्याचं नाव बाच्या तोंडी कधी आलं नाही. ते नाव घ्यायला मला शिकायचं होतं, आणि शिकवायचंही.

मोटारखान्यात आणखी बाया घेणार असं कळलं, तेव्हा मी चालत गावी गेले. दिवसाउजेडी, वेशीतून. मांगवाड्यातून तिघींना घेऊन आले. एक माझी चुलतबहीण, एक नवऱ्यानं टाकलेली आणि एक पोर पाठीवर बांधलेली.

फाटकावर जमादारानं आम्हाला बघितलं. "और ले आयी?"

"आनखी हाईत," मी म्हणाले.

आत गेल्यावर त्या तिघी ताडपत्रीवर सुट्या पडलेल्या इंजनाकडं बघत उभ्या राहिल्या. मी कधीतरी उभी होते तशाच, घाबरलेल्या. मी त्यांना पाना नंतर दिला. आधी सांगितलं, "काम चुकलं तर तोंडानं सांगा, चुकलं म्हनून. पुन्ना करा. धा येळा करा. पर तुमच्या हातानं बाटलं आसं कुनी म्हनलं, तर हातातलं काम तितंच थांबवायचं. गाडी आडून ऱ्हाऊ द्या. फौज आडून ऱ्हाऊ द्या. म्हननारा कोन हाय ते बगायचं न्हाई."