घाटातली किरकिर

आंबा घाट उतरायला लागलो आणि गाडीच्या पुढच्या चाकातून पत्रा घासल्यासारखा आवाज येऊ लागला. गाडी मी चालवत होते, शेजारी बाबा. एका बाजूला दरी. मी घाबरून वेग कमी केला.

"बाबा, हा कसला आवाज?"

बाबांनी आयुष्यभर गाड्या चालवल्या. नुसत्या आवाजावरून ते गाडीचं दुखणं सांगायचे. त्यांनी मान कलती केली, डोळे मिटले आणि बराच वेळ कान देऊन बसले.

"कुठला आवाज?"

गाडीभर तर तोच भरला होता. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली. दरीची भीती तशीच होती, पण आता तिच्याखाली दुसरीच एक भीती हलली. मोठा लावलेला टीव्ही, फोनवर "बरं, बरं" म्हणून घाईने संपवलेलं बोलणं, सगळ्याचा अर्थ एकदम लागला. गाडी निदान किरकिरून सांगते. बाबांचं हे घरात कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "कसा येतोय ते तू सांग. ब्रेक दाबल्यावर वाढतो?"

"नाही," मी जवळजवळ ओरडले.

"वळताना?"

"हो, तेव्हा जास्त किरकिरतो."

"मग चाकाच्या आतल्या पत्र्यात खडा अडकलाय. रुंद जागा बघून थांब आणि गाडी जरा मागे घे."

मी घेतली. खडा पडला असावा, कारण पुढे निघालो तेव्हा आवाज नव्हता.

"थांबला का गं?" बाबांनी माझ्या ओठांकडे बघत विचारलं.

"थांबला," मी म्हणाले. मग पुन्हा, मोठ्याने, "थांबला, बाबा."