बसस्टॉपसमोरचा खेकडा

सुतारदादांनी नवीन काही केलं की ते आधी फुटपाथवर यायचं. समोरच बसस्टॉप होता. वाट बघून पाय भरून आलेली माणसं तिथे आयतीच सापडायची. "जरा बसून बघा हो," म्हणून दादा त्यांना बोलवायचे आणि रंधा बाजूला ठेवून कान देऊन ऐकत राहायचे.

"आजोबा, हा आवाज तुमच्या गुडघ्याचा की माझ्या स्टुलाचा?"

"माझा गुडघा इतका गोड वाजत नाही रे बाबा!"

घडीचं स्टूल असंच लोकांनी बसून बसून घडवलं. कुणी म्हणालं, उंच झालंय. कुणी म्हणालं, मागे कलंडतंय. एका नर्सबाईंनी पिशवी अडकवायला कडेला खाच मागितली. दादांनी तिथल्या तिथे कानस काढली. बाकदार पाय पोटाशी घेऊन ते मिटायचं, म्हणून बसस्टॉपवरच्या मंडळींनीच त्याला खेकडा म्हणायला सुरुवात केली. पुढे खेकडा इतका चालला की दुकानात दुसरं काही होईनासं झालं.

आणि एके दिवशी नोटीस आली. वहिनींनी ती मोठ्यानं वाचली आणि मध्येच थांबल्या.

"अहो, तुम्ही म्हणे त्यांचं स्टूल चोरलंत!"

"कुणाचं?"

"कुठली तरी फर्निचर कंपनी आहे. या आकाराची नोंदणी त्यांच्या नावावर आहे. लगेच बनवणं बंद करा, नाहीतर कोर्टात खेचू, असं म्हणतायत."

दादांनी सोबतचं चित्र हातात घेतलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगं, खाचसुद्धा काढलीय! नर्सबाईंची खाच! आणि रेघ बघ काय सफाईदार मारलीय."

"घर चालायचं बंद होईल, आणि तुम्ही रेघांचं कौतुक करा!"

दादांची भाची वकील होती. ती आली, खेकड्यावरच बसली आणि पहिला प्रश्न टाकला, "मामा, तुम्ही नोंदणी कधी केलीत?"

"कसली?"

"झालं!" तिनं कपाळाला हात लावला. "अहो, आकार लोकांना दाखवण्याआधी नोंदवायचा असतो. तुम्ही अख्खा बसस्टॉप त्याच्यावर बसवलात."

"न बसवता कळणार कसं, चांगलं झालंय की नाही ते?"

"कारागीर म्हणून तुमचं बरोबर आहे. पण कायदा फक्त नव्या आकाराला राखतो. चारचौघांत आला की तो जुना."

"एका दिवसात जुना?"

"एका बैठकीत."

वहिनींनी चहाचा कप जरा जोरातच ठेवला. "म्हणजे यांचं ते 'बसून बघा, बसून बघा' नडलं!"

भाची उत्तर द्यायला गेली आणि तोंड उघडं ठेवूनच विचारात पडली. "थांब हं मामी. चारचौघांत आला की जुना. मग तो त्यांच्यासाठीही जुनाच की! त्यांच्या अर्जाच्या आधी हे स्टूल रस्त्यावर होतं एवढं दाखवलं, तर त्यांची नोंदणी रद्द करून घेता येईल."

"ज्या कारणानं मला मिळत नाही, त्याच कारणानं त्यांनाही मिळत नाही?" दादा पुढे सरकले. नोटिशीपेक्षा आता त्यांना हीच गंमत वाटायला लागली होती. "ही तर दोन्हीकडे उघडणारी बिजागरी झाली! पण दाखवायचं कसं?"

"तारखेचा पुरावा हवा. फोटो असेल कुणाकडे?"

दादांकडे एकही नव्हता. मग ते स्वतःच बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "तुम्ही कधी माझ्या खेकड्याचा फोटो काढला होता का हो?" नवखी माणसं दचकून दोन पावलं मागे सरायची. शेवटी एका शिक्षिकाबाईंनी फोन चाळून एक जुना फोटो शोधून दाखवला. बसची वाट बघता बघता त्यांचे सासरे खेकड्यावर गाढ झोपले होते. पिशवी खाचेला, मान खांद्यावर, तोंड सताड उघडं. बाईंनी हा फोटो गंमत म्हणून तेव्हाच इंटरनेटवर टाकला होता. तारीख कंपनीच्या अर्जाच्या बऱ्याच आधीची!

सासरे मात्र भडकले. "असं वासलेलं तोंड मोठ्या साहेबांना दाखवणार?"

"बाबा, तोंड कोण बघतंय? ते पाय बघणार आहेत."

"माझे?"

"स्टुलाचे!"

"आजोबा, तुमची हरकत नाही ना?" भाचीनं अदबीनं विचारलं. "तसा फोटोवर हक्क बाईंचा आहे. काढला त्यांनी."

"तोंड माझं आणि हक्क हिचा?" आजोबांनी सुनेकडे बोट केलं. मग म्हणाले, "निदान सुनावणीला मला न्या. मी एरवी नीट दिसतो हे कळू दे त्यांना."

सुनावणीला आजोबा भांग पाडून आले. कंपनीचा वकील म्हणाला, "हे स्टूल आमच्यासारखं नाहीच." नोंदणी कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनी फोटो मोठा करून बाकदार पाय पाहिले, खाच पाहिली, शेजारी कंपनीचं चित्र धरलं आणि त्या वकिलाकडे नुसतं बघितलं. पुढे निकाल आला : नोंदणी रद्द.

"म्हणजे खेकडा आता माझा?" दादांनी फोनवर विचारलं.

"नाही मामा. त्याचा आकार कुणाचाच नाही. तुम्ही करा, हवं तर तेही करतील. तुम्हाला अडवायला मात्र आता कुणी येणार नाही."

"हा कुठला न्याय?" वहिनी मागून ओरडल्या. "चोर मोकळा!"

"मामाही मोकळे की गं! आणि नाव उरलंय अजून. 'खेकडा' म्हणून विकता ना? ते नाव आणि एक चिन्ह आपण नोंदवू. मग स्टूल कुणीही करो, खेकडा म्हणून दुसऱ्याला विकता येणार नाही."

"पण ते नाव मी नाही ठेवलं. लोकांनी ठेवलं."

"ठेवलं कुणी, यापेक्षा त्या नावानं माल कुणाचा ओळखला जातो ते बघतात."

दादांना हे फारच आवडलं. आकार दाखवला की हातचा जातो, आणि नाव जितकं लोकांच्या तोंडी तितकं पक्कं होतं! त्यांनी लगेच फळीच्या तुकड्यावर चिन्ह काढायला घेतलं.

वहिनींनी वाकून पाहिलं. "कोळी छान जमलाय."

"खेकडा आहे तो!"

"मग पाय मोजा. आणि गुडघे असे वर असतात का त्याचे?"

दादा पेन्सिल चावत बसले. मग चप्पल घालून मासळीबाजारात गेले आणि एका टोपलीसमोर उकिडवे बसले. खेकडे एकमेकांवरून सरकत होते.

"किती देऊ?" मासेवाली म्हणाली.

"द्यायला नको. एकाला जरा पाय मिटायला लावता का?"

मासेवालीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "त्याला सांगून बघा तुम्हीच. माझं तर काही ऐकत नाही."