सिंदूर न लावलेला जोड

वडशाच्या वहाबभाऊंकडे लांबलांबून गाड्या येतात त्या मागच्या एक्सलसाठी. क्राउन आणि पिनियन, म्हणजे शाफ्टचा जोर चाकांकडे वळवणारा दातेरी जोड, बसवावा तर याच माणसानं. तेलात सिंदूर कालवून दातांना लावायचा, जोड हातानं फिरवायचा, सिंदूर दातांच्या मधोमध पुसला गेला तरच हाऊसिंगचं कवच बंद. डिग्रीवाल्यांनी येऊन पाहावं.

दोन वर्षांमागं राईस मिलवाल्याचा पोरगा प्रफुल दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन आला.

"भाऊ, पिकअप पाह्यजे. दाबली का उडाली पाह्यजे."

"पिनियनचे दात कमी केले तं उडंल. पन वरची स्पीड घटंल."

"घटू द्या. ह्या रोडवर कोनाले लागते वरची स्पीड?"

आधी शाफ्टचे साडेतीन फेरे झाले की चाक एकदा फिरे, आता सव्वाचार. प्रफुल डोक्यावर उभा. दोस्ताच्या वरातीत गाडी दाखवायची होती. आयुष्यात पहिल्यांदा वहाबभाऊंनी सिंदूर लावला नाही. गाडी उडाली खरी, पण जोर दिला की मागून बाईनं गळा काढावा तसा आवाज.

"खोलू दे परत," वहाबभाऊ म्हणाले.

"राहू द्या. रडते तं मजा येते!"

आठवड्यानं आरमोरी रोडवर, जंगलातल्या वळणावर, एका गाडीच्या धडकेनं लटारूभाऊ सायकलसकट उडाले, जागीच गेले. त्यांची बायको इंदुताई झाडांमागं मोह वेचत होती. तिला ना नंबर दिसला, ना रंग. ठाण्यात ती एकच सांगत राहिली, "गाडी रडत गेली, साहेब." साहेब हसले. महिला संघटनेकडून मी तिच्यासोबत गेले होते, मी टेबलावर हात आपटला. त्याची नोंद मात्र लगेच झाली.

हे मी वहाबभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला पाना पडला. तो उचलून ते परत गाडीखाली शिरले. प्रफुलनं गाडी विकून टाकली. पण वहाबभाऊंना तो आवाज सगळीकडे येऊ लागला: आटाचक्कीत, नळात, मिक्सरमध्ये. त्यांच्या पत्नी अख्तरीभाभी मसाला पाट्यावर वाटू लागल्या.

यंदा मोह पडायच्या दिवसांत वहाबभाऊ हातातला चहा ठेवून एकदम उठले. गाडी अजून रेल्वे फाटकापलीकडे होती. दारात आली तेव्हा रंग बदलून पांढरा, मालक नवा, अंकुश नावाचा. "पिकअप मस्त आहे भाऊ, फक्त हा आवाज काढून द्या."

अर्ध्या दिवसाचं काम. आवाज कायमचा गेला असता, आणि त्याच्यासोबत इंदुताईची एकुलती एक साक्ष.

मला फोन आला. "ताई, इंदुबाईले घेऊन ये. मी अजून पाना लावला नाई."

इंदुताईला रस्त्याकडे पाठ करून उभं केलं. एक जीप गेली, मग एक ट्रक. ती हलली नाही. तिसऱ्यांदा वहाबभाऊंनी ती गाडी काढली आणि दाबली. इंदुताई गर्रकन वळली.

"हेच. हेच होती."

"जोड मीच बसवला होता, बाई," वहाबभाऊ उतरून म्हणाले. "ताईनं सांगतलं तवाच समजलं होतं मले."

"मंग काऊन नाई बोलले, भाऊ?"

वहाबभाऊ तिथून सरळ ठाण्यात गेले, प्रफुलचं नाव आणि स्वतःची चूक दोन्ही लिहून दिलं.

"आवाजाचा पंचनामा कसा करू?" साहेबांनी विचारलं.

"बसा गाडीत."

गाडी आता ठाण्याच्या आवारात उभी आहे, हाऊसिंगवर सील, इंजिन बंद. वहाबभाऊ नमाजाला जाताना ठाण्यासमोरचा रस्ता टाळून मागच्या गल्लीनं जातात.

"उभ्या उभ्या रडून राह्यली, ताई."

"काही नाही, भाऊ. बंद आहे ती," मी चिडूनच म्हणाले. पण परवा त्यांच्यासोबत होते, तेव्हा मीही मागच्या गल्लीनंच गेले.