पेटीचे चार बोल्ट

ग्यानीरामभाऊ. हे नाव आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला पळता येणार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीसुद्धा झालं नव्हतं. मी पदवीधर झालो, आज कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, ते त्यांच्यामुळे. आणि त्यांच्या बाबतीत मी जे केलं ते आईला सांगितलं नाही, ती गेली. बायकोला सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही – म्हणून असेल.

सौंदडच्या पुढे, आतल्या रस्त्यावर आमचं गाव. आई बिड्या वळायची. भाऊ शेजारचे. त्यांची एक लहान पिकअप होती, गावचा भाजीपाला घेऊन ती रोज पहाटे गोंदियाला जायची. बारावी झाल्यावर मी पुढे कसा शिकणार याची चर्चा आमच्या अंगणात सुरू होती, तेव्हा भाऊ एवढंच म्हणाले, "माया बाजूची सीट खालीच राहते." तीन वर्षं मी त्या सीटवर बसून कॉलेजला गेलो. भाऊंच्या बायको शांतावहिनी डबे बांधायच्या – एक भाऊंचा, एक माझा. माझ्या डब्यात अंडं असायचं, भाऊंच्या डब्यात ते रोज नसायचं. हे मला फार उशिरा कळलं.

भाऊ मला तेव्हापासूनच मास्तर म्हणत. "आज काय शिकवलं, मास्तर?" एकदा मी अनुनाद सांगितला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते. आतली हवा किती आणि मान केवढी यावर तिचा सूर ठरतो. भाऊंनी एका हाताने स्टिअरिंग धरून गोरेगावपर्यंत बाटली फुंकली. मग म्हणाले, "अन् माया गाडीत असा आवाज घुमंल काय?"

तिथून ती पेटी सुरू झाली.

आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की गावोगाव जत्रा भरते, दंडारीचं नाटक-नाच होतो, पाहुणे येतात. त्या दिवसांत भाऊंची गाडी माणसं भरून या मंडईतून त्या मंडईत फिरायची. भाऊंनी दहा इंची वूफर आणला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. "पेटी तू काढ. ठोकन टेकचंद. साळा हाय माहा, त्याले मापाचं काय समजते? मास्तर सांगन तसं कर, बे."

टेकचंद म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ, गावातलाच सुतार. तो हसला. "दाजी, तुमाले तं गाडीचा गिअरबी समजत नाही अजून."

पेटीचं माप मी किती दिवस काढत होतो! केबिन लहान. सीटमागे जेमतेम वीतभर जागा. वूफरच्या चुंबकानं खाल्लेली हवा वजा केली, पोर्टच्या, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या नळीनं खाल्लेली वजा केली. उरली ती फार कमी. मग सीटची पाठ पुढे घेतली, तिच्या कड्या काढून टाकल्या. नळी सरळ मावेना, म्हणून कोपर लावून वळवली. तिचं तोंड पत्र्याला टेकलं असतं तर हवा कोंडली असती, म्हणून तेवढी फट सोडली. पेटी जखडायला बाहेरून पट्ट्या लावाव्या तर तेवढी जागाच ठेवली नाही – सगळी जागा मला हवेसाठी हवी होती. पुस्तकातलं गणित पहिल्यांदाच लाकडात उतरत होतं. मला काय वाटत होतं ते कसं सांगू? आपण आता बिडीवालीचा पोरगा नाही, असं वाटत होतं.

मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही. येतो.

भाऊबीजेला वहिनींनी टेकचंदला ओवाळलं. शेजारी दुसरा पाट मांडून मलाही बसवलं, दरवर्षीसारखं. दुसऱ्या दिवशी मंडईला निघायचं होतं. त्या दुपारी पेटी केबिनमध्ये बसवली. समोरची फळी अजून लावायची होती. टेकचंदच्या तळहातावर चार बोल्ट होते.

"मास्तर, आतून मारून मागच्या पत्र्याले कसतो. मंग फळी लावू."

"नको. भोकं पडली तं हवा निंगल. सारं गणित बिघडन."

"अन् ब्रेक मारल्यावर पुढं आली तं? अर्ध्या पोत्याचं वजन हाय."

"येत नाही. घट्ट बसली हाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुया गणितापुढं आमी काय बोलाव, बापा," म्हणाला, आणि बोल्ट खिशात टाकले.

भोकं लेप लावून बुजवता येतात हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. लेप वाळायला वेळ लागला असता, हे खरं. पण कारण ते नव्हतं. माझ्या पेटीत कुणी दुसऱ्यानं भोक पाडावं, हे मला सहन झालं नाही. बस, एवढंच.

आवाज सुंदर आला. भाऊंनी सगळ्या गावाला ऐकवला.

मंडईहून परतताना दिवस बुडत होता. मी मागे हौद्यात माणसांबरोबर उभा होतो. वळणावर धानानं भरलेली ट्रॉली उभी होती, तिला मागे दिवा नव्हता. भाऊंनी ब्रेक मारला. गाडी थांबली – ट्रॉलीच्या हातभर अलीकडे. गाडीला ओरखडा नाही, हौद्यातल्या कुणाला खरचटलं नाही. फक्त पेटी थांबली नाही. सीटची पाठ घेऊन ती भाऊंच्या पाठीवर आली. मी दार उघडलं तेव्हा भाऊ स्टिअरिंगवर होते आणि गाणं चालू होतं. पोर्टच्या तोंडातून वारा माझ्या हातावर येत होता. गणित बरोबर होतं.

भाऊ वाचले. पाय गेल्यासारखेच झाले. गाडी पुन्हा त्यांनी चालवली नाही.

गोंदियाच्या दवाखान्यात, खाटेच्या एका बाजूला वहिनी, पायथ्याशी टेकचंद. भाऊंनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता त्यांचा.

"टेकचंद म्हणते, बोल्ट तूनच नको म्हटले. खरं काय?"

मी काय म्हणालो ते लिहितो. जसंच्या तसं.

"मी कायले नको म्हणीन, भाऊ? मी तं मारायलेच सांगतलं होतं."

टेकचंद ओरडला नाही. "शिकला, मास्तर," एवढंच म्हणाला.

वहिनी त्याच्याकडे वळल्या. "शिकलेलं पोरगं खोटं कायले बोलन? आळस केला तूनं. माया दारात पाय ठेवू नको."

त्याला गावात कुणी काम देईना. तो रायपूरला फर्निचरच्या कारखान्यात गेला. त्यानंतर प्रत्येक भाऊबीजेला वहिनींनी एकच पाट मांडला, आणि त्यावर मी बसलो. ऐकता ना? – मी बसलो. कपाळाला कुंकू लावून घेतलं, त्यांनी केलेल्या करंज्या खाल्ल्या. नोकरी लागल्यावर त्यांच्यासाठी साड्या नेल्या. दरवर्षी वर्गात पाण्यातली नळी वरखाली करून अनुनाद दाखवतो, नळी घुमली की पोरं हसतात, आणि मी फळ्याकडे वळतो.

सांगायला वेळ मिळाला नाही का? मिळाला. भीती वाटली? सुरुवातीला. नंतर तर भीतीही उरली नव्हती, सवय उरली होती.

या पावसाळ्यात टेकचंद रायपूरला वारला. वहिनी त्याच्या मातीलाही गेल्या नाहीत. त्यानंतर मी भाऊंना पत्र पाठवलं. ते असं –

"ग्यानीरामभाऊंना नमस्कार.

दवाखान्यात तुम्ही मला विचारलं होतं, तेव्हा मी खोटं बोललो. टेकचंद चार बोल्ट घेऊन उभा होता. पेटी पुढे येईल, असंही तो म्हणाला होता. मी नको म्हणालो. त्यानं आळस केला नाही. तुमची पाठ माझ्यामुळे गेली आणि वहिनींचा भाऊ माझ्यामुळे गेला.

वहिनींना वाचता येत नाही. हे त्यांना तुम्ही सांगावं, असं ओझं मी तुमच्यावर टाकत नाही. भाऊबीजेला मी येईन. पाटावर बसणार नाही. अंगणात उभा राहून हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवीन, शेजारीपाजारी ऐकतील असं, आणि परत जाईन."