ओद्लाउगची मांजर

ओलेसुंदच्या बंदरावर आमचं छोटं कार्यालय होतं. समुद्रात हेरिंग मासळी किती आहे याचा अंदाज तिथून निघायचा, आणि तो काढणारा प्रोग्राम एकट्या ओद्लाउगने लिहिलेला. बाई फटकळ, पण मनात काही ठेवणार नाही. आमच्या फायलींनाही तोच नियम होता: सगळ्यांचं काम एकाच युनिक्स यंत्रावर, आणि कुणी कुणाला फोल्डर बंद करायचं नाही.

तिची एक सवय मला पटत नसे. ग्रेप ही आज्ञा दिली की यंत्र फायलींच्या पोटात शिरून हवा तो शब्द शोधतं. जिथे शिरता येत नाही तिथे 'परमिशन डिनाइड' अशी कुरकुर करतं. यंत्राच्या स्वतःच्या कितीतरी फोल्डरांत आम्हा कुणालाच शिरता येत नसे, त्यामुळे पडदा कुरकुरीनेच भरायचा. म्हणून ओद्लाउगने ती सगळी डेव्ह-नलमध्ये फेकायची कायमची सोय केली होती. तिथे टाकलेलं पुन्हा दिसत नाही.

"अगं, एखादी तक्रार खरी असली तर?" मी एकदा विचारलं.

"यंत्राची रडगाणी ऐकायचा मला पगार मिळत नाही," ती म्हणाली. "आणि इथे मला दार लावणार कोण? हा स्टाइनार?"

स्टाइनार तिच्या समोर बसून पावावर तपकिरी चीज ठेवत होता. त्याला प्रोग्राम लिहायला तिनेच शिकवलं होतं. तो नुसता हसला.

मग कुजबुज सुरू झाली, की तिचाच प्रोग्राम उचलून कुणीतरी नवा म्हणून तयार करतंय. यापुढे अंदाज कुणाच्या प्रोग्रामने काढायचा हे कार्यालयाच्या प्रमुखबाई सोमवारी ठरवणार होत्या. ओद्लाउगचं सगळं आयुष्य त्या प्रोग्राममध्ये गेलं होतं.

"पळवला असेल तर टुस्से सापडेल," ती म्हणाली. टुस्से तिची मेलेली मांजर. तिचं नाव तिने प्रोग्राममध्ये जागोजागी पेरलं होतं.

तिने नेहमीच्या ग्रेपने सगळ्यांच्या फायलींत टुस्से शोधली. तिच्या स्वतःच्या फायलींखेरीज कुठेही नाही. "बघ, उगाच माणसांवर संशय घेत होते," ती म्हणाली, आणि निवांत घरी गेली.

सोमवारी स्टाइनार उठला आणि त्याने आपला नवा प्रोग्राम पडद्यावर दाखवला. ओळीओळीत टुस्से होती. काही मोडेल या भीतीने गड्याने मांजरीचं नावसुद्धा बदललं नव्हतं! प्रमुखबाईंना मांजर माहीत नव्हती. त्यांनी अंदाजाचं काम त्याच्या हाती दिलं आणि ओद्लाउगला बोटींचे फोन घ्यायला सांगितलं. ती सरळ उठून बाहेर पडली. मी तिच्यामागे धावले.

जागेवर येऊन तिने तोच शोध पुन्हा लावला, या वेळी तक्रारी न फेकता. यंत्राच्या नेहमीच्या रडगाण्यांत एक ओळ स्टाइनारच्या फोल्डरची होती. परमिशन डिनाइड.

"सगळ्यांनाच बंद केलं असेल त्याने," ती म्हणाली. अजूनही त्याचीच बाजू घेत होती बिचारी. "तू लाव बरं तुझ्याकडून."

मी लावला. त्या फोल्डरबद्दल माझ्याकडे काही कुरकुर आली नाही. टुस्से, टुस्से, टुस्से, अशा ओळीच ओळी धावत गेल्या. त्याने आत येऊ शकणाऱ्यांचा एक गट केला होता. त्यात अख्खं कार्यालय होतं, मला न विचारता मीही होते. नव्हती फक्त ओद्लाउग.

तिने त्या गटातली नावं एकेक करून वाचली.

"मला माहीत नव्हतं गं, शपथ," मी म्हटलं.

"तुला कसं कळणार?" तिने डबा उचलला. "तुला कुठे कुणी अडवलं होतं."

त्या दिवसापासून ती फोनच्या खोलीत एकटीच जेवू लागली, दार लावून.