पानं आणि वेली

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. घरात पोथी ऐकून धंदा करणारा माणूस असला की ते शेवाळासारखे आपोआप साचतात! हळदीकुंकवाला आलेल्या बाया ऐकून हसतात, आता मीही हसते. तेव्हा मात्र मी देव पाण्यात ठेवले होते.

यांनी गुंद गावची भातशेती भावकीला कसायला दिली आणि कॅसलरॉकला स्टेशनाजवळ बिऱ्हाड केलं. धंदा पत्रावळींचा आणि वेताच्या टोपल्यांचा. गुंदच्या बाया पानं टाचायच्या, माल रेल्वेनं गोव्यात जायचा. तिकडच्या एका देवळाच्या जत्रेची मोठी मागणी आली होती. माल वेळेवर पोचला तर धंदा उभा. नाहीतर आम्ही परत गुंदला, आणि त्या बायांचे हातही रिकामे. मी सोमवार धरले होते.

*

पहिलं गिऱ्हाईक आलं. "भाव काय?"

हे डोळे मिटून म्हणाले, "पुराणिकबुवा सांगत्यात, भगवंत म्हणतो, फळाची आशा धरू नये. तुमच्या मनाला येईल ते द्या."

माझे धाकटे दीर दामू भावोजी माल बांधत होते. ते तिथूनच ओरडले, "दादा, फळ ऱ्हाऊ दे! पानांचं काय घ्यायचं ते तरी सांग!"

*

मग तक्रार आली. प्रत्येक गठ्ठ्यात एक पत्रावळ कमी!

यांनी शांतपणे देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. "देवाचा वाटा काढल्याबिगर कुणाला काही देऊ नये." देव्हाऱ्यामागं पत्रावळींची ही थप्पी!

गुंदच्या बायांची म्होरकी तुळसाक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अण्णा, देवाला द्यायचं तर आपल्या पदरचं द्यावं. लोकांचं कापून दिल्यालं त्यो जेवंल व्हय?"

*

रामनगरच्या चुलतभावानं तोच धंदा काढला आणि आमची गिऱ्हाइकं ओढायला लागला. हे पायरीवर मटकन बसले. "समोर आपलीच माणसं. कुणाशी लढू?"

"आरं दादा, अर्जुनानं शेवटी धनुष्य उचललं का न्हाई?" भावोजींनी विचारलं.

"ते ठाऊक न्हाई. पुराणिकबुवा हिवतापानं पडल्यात. पोथी अजून पहिल्याच अध्यायात हाय!"

मी बुवांसाठी काढा उकळायला ठेवला. आमचा सगळा धंदा त्यांच्या तापावर अडला होता!

*

जत्रेचा माल निघायचा त्या सकाळी मी सत्यनारायण घातला. कथेत तो वाणी येतो ना? संन्याशाच्या रूपात देव विचारतो, "नावेत काय आहे?" वाणी खोटं सांगतो, "पानं आणि वेली." आणि नावेतल्या धनाची खरंच पानं आणि वेली होतात! कथा संपते न संपते तोच गाडीची शिट्टी झाली. हे प्रसाद न घेताच धावले. प्रसाद टाकून धावलं की कथेत नाव बुडते! द्रोणात शिरा घेऊन मी मागून पळाले.

प्लॅटफॉर्मवर जकात नाक्याचे साहेब गठ्ठ्यांवर छडी आपटत होते. "यात काय आहे?"

यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. खरं सांगावं तर तीच पानं, आणि वेत म्हणजे वेलच! वाण्याचेच शब्द तोंडात यायचे!

"सांग की, दादा!" भावोजी कळवळले. गार्डनं बावटा हातात घेतला.

"काय लपवलंय?" साहेबांचा आवाज चढला.

"साहेब," हे कसेबसे म्हणाले, "तुम्हीच उघडा... आन् काय हाय ते मला सांगा."

साहेबांनी सुतळी कापली, आत हात घातला, दुसरा गठ्ठा उपसला. "अहो, ही तर नुसती पानं आणि वेली!"

"चुकलो, देवा!" म्हणत यांनी साहेबांच्या बुटांवर लोटांगण घातलं.

साहेब घाबरून मागं सरले. हातातला द्रोण मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी शिऱ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं. एक घास घेतला, मग दुसरा. "चढवा माल!"

गाडी बोगद्याकडे गेली तेव्हा कुठे हे धूळ झाडत उठले. हळूच मला विचारलं, "त्यांनी परसाद घेतला?"

"घेतला की. सगळा."

"मग ते साहेब नव्हतंच."

"दादा, ते बघ!" भावोजींनी बोट केलं. साहेब पाटलोणीला तूप पुसत ऑफिसात चालले होते.

मी आपले त्या पाठमोऱ्या पाटलोणीला हात जोडून घेतले.