पहिल्या प्रवेशातली मोलकरीण

परवा औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात नव्या झाडूंचा वाळक्या गवतासारखा वास आला आणि मला कॉलेजातलं आमचं नाटक आठवलं. नाटक जुनं, गाजलेलं होतं. पडदा उघडतो तेव्हा मोलकरीण एकटीच दिवाणखाना झाडत असते आणि तिच्या बडबडीतून मालकाचा ताठा, मालकिणीचं झुरणं, त्या घरावर येऊ घातलेलं संकट, सगळं प्रेक्षकांना कळून जातं. भूमिका वाटायच्या दिवशी मी मालकिणीचे संवाद पाठ करून गेले होते. नाटक बसवणाऱ्या सरांनी माझ्या हातात झाडू दिला. "अख्खं नाटक या प्रवेशावर उभं आहे," ते म्हणाले, "आणि तुला तर काही शिकवावंही लागणार नाही." माझी आई चितेगावच्या एका कंपनीत झाडलोट करते हे त्यांना ठाऊक होतं. मला कसंही करून रंगमंचावर उभं राहायचं होतं, म्हणून मी ती भूमिका घेतली. प्रयोगाला आई सुट्टी टाकून आली, इस्त्रीची पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली. मी वाकून झाडत आत आले तशा टाळ्या पडल्या, आणि प्रवेश संपायच्या आत ती उठून गेली. नाटक संपल्यावर गेटाजवळ उभी दिसली. "पुढचं बघायचं नव्हतं का गं?" मी विचारलं. "झाडायचंच व्हतं तर कॉलेजात कशाला घातलं तुला?" ती म्हणाली, "ते म्या घरीच शिकवलं असतं." रिक्षात ती घरापर्यंत बाहेरच बघत राहिली. आता मी स्वतः नाटकं बसवते. प्रत्येक प्रयोगाला तिला बोलावते; ती येते म्हणते, आणि येत नाही.